संक्रांत ते होळी : तहानेचे वेळापत्रक

संक्रांतीचा तिळगूळ डब्यात शिल्लक असतानाच बेळगावच्या दुपारी उन्हाचा चटका जाणवू लागतो आणि पहाटे मात्र अजून शाल सोडवत नाही. संक्रांतीपासून होळीपर्यंतचे हे दोनएक महिने परसबागेच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत महत्त्वाचे असतात, असे माझे मत आहे. पावसाळ्यात झाडे आपली आपण वाढतात आणि ऐन उन्हाळ्यात ती जगवणे एवढेच आपल्या हाती उरते. या मधल्या काळात मात्र रोज काहीतरी ठरवावे लागते. ठरवायचे असते ते मुख्यतः एकच, ते म्हणजे कोणत्या झाडाला पाणी द्यायचे आणि कोणाला तहानलेले ठेवायचे. छाटणी, खत, फवारणी आणि पेरणी ही सगळी कामे या निर्णयाच्या मागून येतात. नळाला पाईप जोडून आंबा, मोगरा, लिंबू, कढीपत्ता आणि भेंडीचा वाफा एका दमात भिजवून टाकण्याची रीत आमच्या भागात सर्रास दिसते, आणि पुढे मोहोर का आला नाही, मोगरा का रुसला, याची कारणे मात्र खतात आणि औषधात शोधली जातात.

हिवाळा सरतानाच्या बागकामावर जे काही वाचायला मिळते, त्यातले बरेचसे बर्फ वितळण्याची वाट पाहणाऱ्या प्रदेशांसाठी लिहिलेले असते. तिथे झाडे झोपलेली असतात आणि ती जागी होण्याआधी छाटणी उरकायची असते. आपल्याकडे झाड झोपत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या खांद्यावर वसलेले आहे. जानेवारीत रात्रीचा पारा 13-14 अंशांच्या आसपास उतरतो, तर फेब्रुवारी संपेपर्यंत दुपारचा पारा 32-33 अंशांच्या पुढे गेलेला असतो. दिवाळीनंतर पाऊस जवळजवळ थांबलेला असतो आणि तो पुन्हा भेटतो तो एप्रिलमधल्या वळवालाच. थंडी झाडाला मारत नाही, पण जमिनीतली ओल दिवसेंदिवस खाली खाली जात राहते, आणि आपल्या झाडांची फुलण्याची घडी या ओसरत्या ओलीशी जोडलेली आहे.

शिवाय जिल्हा एक असला तरी बाग एक नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभ्याची तांबडी माती आणि धो धो पाऊस; अथणी, रायबागकडे काळी जमीन आणि जेमतेम 500-600 मिलिमीटर पाऊस. माझे सासर हिंडलग्याच्या बाजूला तांबड्या मातीत आणि माहेर चिकोडीकडे काळ्या मातीत, त्यामुळे एकाच झाडाचे दोन स्वभाव मला घरबसल्या पाहायला मिळतात. तांबडी माती पाणी धरत नाही, दोन दिवसांत कोरडी पडते. काळी माती वरून भेगाळते, पण वीतभर खाली आठवडाभर ओलसर राहते. म्हणून "चार दिवसांनी पाणी द्या" अशा सल्ल्याला अर्थ नसतो. खुरप्याने बोटभर नव्हे, चांगले वीतभर उकरून मातीची मूठ वळून पाहावी. मूठ वळली आणि बोटाने टोचल्यावर फुटली तर पाणी अजून आहे, वळलीच नाही तर द्यायला हवे.

तहानेचा पहिला मानकरी आंबा. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर फुटायचा असेल, तर त्याआधीचे दोन-तीन महिने झाडाला पाण्याचा ताण आणि रात्रीची थंडी, दोन्ही हवे असते. या काळात बुंध्याशी पाणी सोडले, की झाड फुलण्याऐवजी पालवी काढून मोकळे होते. आमच्याकडे नारळ उतरवायला आणि फांद्या तोडायला येणारे मामा दरवर्षी फाटकातून आत येतानाच आळ्याकडे नजर टाकतात आणि ओल दिसली की म्हणतात, "वहिनी, आंब्याला आता पाणी घालतात काय? मोहोर ऱ्हायला बाजूला, नुस्ता पाला फुटंल की!" त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मोहोर आला, फळे धरली आणि ती वाटाण्याएवढी झाली, की मग मात्र पाणी सुरू करायचे, कारण त्यानंतर ताण बसला तर बारीक कैऱ्यांचा सडा पडतो. काही गळ तरीही होतेच. एका तुऱ्यावर शेकड्याने फुले असतात आणि त्यातून हाती एखाददुसरे फळ लागले तरी ते चांगले पीक समजावे. सकाळी झाडाखाली पडलेले बारीक हिरवे मणी पाहून जीव कासावीस करून घेण्याचे कारण नाही.

मोहोराचे खरे शत्रू दोन, तुडतुडे आणि भुरी. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि खालच्या पानांवर चिकट गोड थर सांडतात, त्यावर पुढे काळी बुरशी धरते. झाडाजवळून जाताना तडतड असा बारीक आवाज आला आणि तोंडावर काहीतरी उडाले, तर तुडतुडे झाले आहेत असे समजावे. रात्री गार, पहाटे धुके आणि दुपारी ऊन असे हवामान आठवडाभर टिकले, की मोहोरावर पांढरी पिठूळ भुरी दिसू लागते. भुरीसाठी पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात, आणि तुडतुड्यांसाठी 5 टक्के निंबोळी अर्क, एवढ्यावर घरच्या एक-दोन झाडांचे भागते. फवारणी मोहोर उमलण्यापूर्वी करावी. आंब्याचे परागीभवन मुख्यतः माश्या करतात. मोहोर पूर्ण फुललेला असताना औषध मारले तर ज्या पाहुण्यांची वाट पाहायची त्यांनाच आपण हाकलून देतो.

लिंबाचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेल्या हस्त बहराची फळे आता झाडावर पोसत असतात आणि त्याच वेळी आंबे बहराची, म्हणजे आंबा मोहोरतो त्या काळात लिंबालाच येणाऱ्या बहराची, फुले उमलू लागतात. पुस्तकात "बहरासाठी ताण द्यावा" असे वाचून फेब्रुवारीत लिंबाचे पाणी तोडणारे लोक मी पाहिले आहेत. परिणाम असा होतो की उन्हाळ्यात सरबताला लागणारी लिंबे सुपारीएवढी असतानाच पिवळी पडून गळतात. ताण द्यायचा तो डिसेंबरात, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, आणि तोही झाडावर फळे फारशी नसतील तरच. फळे असतील तर लिंबाला आठवड्यातून एकदा, पण भरपूर, चार-पाच घागरी पाणी द्यावे. पाणी बुंध्याशी ओतू नये. अन्नपाणी घेणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराच्या कडेला असतात, त्यामुळे आळे तिथे गोल खणावे आणि बुंध्याला मातीची भर देऊन तो कोरडा ठेवावा. बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणि मूळकूज मागे लागते. आतून सरळ वर धावणारे, लांब काट्यांचे पाणसोट या वेळी काढून टाकावेत. ते रस खातात आणि फळ देत नाहीत.

माहेरच्या लिंबाची आणि मोगऱ्याची पाने दर फेब्रुवारीत पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्याची ही खूण आहे. आई त्यावर शेणखत वाढवत असे आणि पाने पिवळीच राहत. अशा वेळी हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 3 ग्रॅम घेऊन, त्यात थोडा लिंबाचा रस पिळून, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा संध्याकाळी पानांवर फवारल्यास नवी पाने हिरवी येतात. हिंडलग्याच्या तांबड्या मातीत पाने पिवळी पडली तर मात्र हाच उपाय लागू पडेल असे धरून चालू नये. पावसाने धुऊन निघालेल्या जांभ्यात बहुधा नत्र कमी पडलेले असते, आणि तिथे शेणखतच कामाला येते.

आता मोगरा. बेळगावात मोगऱ्याचा गजरा साधारण गुढीपाडव्याच्या सुमारास स्वस्त होऊ लागतो, आणि पाडव्याला आपल्या झाडाची फुले देवाला वाहायची असतील तर तयारी जानेवारीअखेरीस सुरू करावी लागते. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीवर. जुन्या काड्या तशाच ठेवून नुसते पाणी-खत देत राहिलो, तर झाड हिरवेगार होऊन बसते आणि कळ्या मोजक्याच देते. म्हणून आधी त्याचे पाणी दहा-पंधरा दिवस पूर्ण बंद करायचे. पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात; इथे मन घट्ट करावे लागते, कारण घरातले कोणीतरी हमखास कीव येऊन तांब्याभर पाणी ओततेच. मग धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) वाळक्या, एकमेकींत गुंतलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या तळापासून काढून टाकायच्या आणि उरलेल्या काड्या पेराच्या किंचित वर तिरप्या कापून निम्म्यावर आणायच्या. उरलेली पाने हाताने ओरबाडून न काढता देठाशी खुडायची. झाडाभोवतीची माती हलक्या हाताने उकरून वरची मुळे चार-पाच दिवस उन्हात उघडी ठेवायची, त्यानंतर कुजलेले शेणखत दोन ओंजळी, मूठभर निंबोळी पेंड आणि नवी माती घालून आळे भरायचे आणि पहिले पाणी चांगले पोटभर द्यायचे.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस रोज सकाळी मोगऱ्यापाशी थांबून पाहण्यासारखे असतात. मोगऱ्याची पाने समोरासमोर जोडीने येतात, म्हणून कापलेल्या काडीच्या प्रत्येक पेरापाशी दोन्ही अंगांना मोहरीएवढे डोळे फुगतात. आधी तपकिरी, मग पोपटी, आणि एके दिवशी त्यांतून दुमडलेल्या इवल्या पानांची जोडी बाहेर येते. वरच्या पेराचे डोळे आधी फुटतात, खालचे मागून. नवी फूट चार बोटे झाली की तिच्या टोकावर तिघी-तिघींच्या घोळक्याने कळ्या दिसू लागतात. एकदा कळी दिसली की ताण संपला. तिथून पुढे सगळा उन्हाळा मोगऱ्याला पाण्यात हयगय चालत नाही, आणि ऊनही दिवसाचे पाच-सहा तास तरी लागतेच. गॅलरीच्या सावलीत ठेवलेल्या कुंडीतला मोगरा फुलत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी कुंडीची जागा बदलावी.

बाकीच्या छाटण्यांबद्दल थोडक्यात. जास्वंदही नव्या फुटीवर फुलते, तिला आता एक तृतीयांश उतरवावे. पारिजातकाचा बहर ओसरून गेलेला असतो, त्यामुळे त्याचीही छाटणी याच वेळी. कढीपत्ता शेंड्याकडून कापावा म्हणजे बाजूने फुटवे येतात. त्याला मात्र ताण नको. शेवंतीची फुले संपली की ती जमिनीपासून वीतभर ठेवून कापावी. बुडाशी जी कोवळी पिल्ले निघतात त्यांवर पुढच्या वर्षीची शेवंती अवलंबून असते, म्हणून कुंडी अर्धसावलीत ठेवून उन्हाळाभर ती जपावीत. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात होते. आता त्याची सुकलेली फुले खुडावीत आणि कलमाच्या जोडाखालून फुटलेली रानटी काडी तळाशी मोडून काढावी, त्यापलीकडे सिकेटर चालवू नये. शेवगा आणि फणस यांना तर हातही लावू नये. शेवग्याच्या शेंगा आणि फणसाच्या कुयऱ्या याच वेळी धरलेल्या असतात. पांढरा चाफा निष्पर्ण उभा असतो, त्याची हातभर फांदी कापून सावलीत आठवडाभर चीक वाळू द्यावा आणि मग ती रेताड मातीत लावावी; ओली फांदी तशीच लावली तर ती मुळे फुटण्याआधी कुजते. अथणीकडच्या द्राक्षबागांचे छाटणीचे वेळापत्रक स्वतंत्र आहे, त्याचा घरच्या मांडवावरच्या एका वेलाशी संबंध जोडू नये.

मोठी फांदी कापली असेल तर जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. मोरचूद (कॉपर सल्फेट) 100 ग्रॅम आणि चुना 100 ग्रॅम वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावा. लोखंडी बादली वापरू नये, मोरचूद ती खातो. हीच पेस्ट बुंध्याला जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत फासली तर बुरशीला आळा बसतो. आमच्या जांभ्याच्या भागात वाळवी ही कायमची शेजारीण असल्याने बुंध्यावर मातीच्या रेघा चढताना दिसल्या की त्या वेळच्या वेळी खरवडून काढणेही गरजेचे असते.

हळदीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवे, कारण तिची काढणी नेमकी याच वेळी येते आणि बहुतेक घरांत ती "बघू नंतर" म्हणून लांबते. अक्षयतृतीयेच्या आसपास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांत तयार होते. पाने पिवळी पडून जमिनीवर लोळू लागली की तिचेही पाणी तोडायचे, पंधरा-वीस दिवस गड्डे जमिनीत पक्के होऊ द्यायचे आणि मग वाळलेला पाला कापून कुदळीने लांबून खणायचे. बुडाला खेटून कुदळ मारली तर हळकुंडे तुटतात. बाहेर आलेल्या कंदाला मधोमध जाड जेठा गड्डा असतो आणि त्याच्या अंगाने बोटांसारखी हळकुंडे फुटलेली असतात. माती झटकून दोन्ही वेगळे करावेत. जेठे गड्डे आणि निरोगी, टपोरे बगल गड्डे (जेठ्याच्या बाजूने येणारे गड्डे) बेण्यासाठी ठेवायचे. ते धुऊ नयेत. झाडाच्या सावलीत ढीग करून त्यावर हळदीचाच वाळका पाला पांघरला, की ते मे महिन्यापर्यंत छान टिकतात.

उरलेली हळकुंडे पातेल्यात बुडतील एवढ्या पाण्यात झाकून उकळायची. तासाभरात वर फेस येतो, घरभर हळदीचा तिखट-गोड वास भरतो आणि काडी टोचली तर ती आरपार जाते. तेव्हा लगेच उतरवायचे. कमी शिजली तर आतून फिकी राहते, जास्त शिजली तर रंग मळतो. त्यानंतर दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवून हळकुंड मोडताना कट्ट असा आवाज आला, की गिरणीत द्यायला हरकत नाही. थोडी ओली हळद लोणच्यासाठी बाजूला ठेवावी, हे मात्र कोणाला सांगावे लागत नाही.

हळदीचा वाफा रिकामा झाला की तिथे उन्हाळी भाजी घ्यायची. इथे आपल्याकडे दोन प्रकारची घाई होते. काही जण संक्रांतीनंतर लगेच भेंडी टोकतात आणि बी जमिनीत गार पडून कुजते; काही जण होळीनंतर जागे होतात आणि वेल फुलावर येईपर्यंत एप्रिलचे ऊन माथ्यावर आलेले असते. भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले या सगळ्यांच्या बियांना उगवायला ऊब लागते. रात्रीचे तापमान 15 अंशांच्या वर टिकू लागले, म्हणजेच पहाटे नळाचे पाणी बोटांना झोंबेनासे झाले, की पेरावे; आमच्याकडे ही वेळ फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते, अथणीकडे थोडी आधी, जांबोटीकडे थोडी नंतर. शिवरात्रीला थंडी "शिव शिव" म्हणत जाते असे आमच्याकडेही म्हणतात आणि शेजारच्या कन्नड अक्काही हेच त्यांच्या भाषेत म्हणतात. पण शिवरात्र कधी फेब्रुवारीच्या मध्यावर येते, कधी मार्चमध्ये, म्हणून पेरणीसाठी पंचांगापेक्षा पाण्याची गारठ पाहावी हे बरे.

भेंडीचे बी रात्रभर भिजवावे. कारल्याचे कवच जाड असते, त्याची कड नेलकटरने किंचित उडवून दिवसभर कोमट पाण्यात ठेवले तर ते आठवड्यात उगवते, एरवी पंधरा दिवस वाट पाहायला लावते. वेलांसाठी दोन-दोन फुटांवर आळी करून प्रत्येकात तीन-चार बिया टाकाव्यात आणि पुढे जोमदार दोनच रोपे ठेवावीत. उपटताना हात आखडतो, पण चार वेलांच्या भांडणात एकही धड फळत नाही. भेंडीत बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने विकसित केलेला अर्का अनामिका हा वाण घरगुती वाफ्याला चांगला, कारण पाने पिवळीजर्द पाडणाऱ्या विषाणूला तोंड देण्याच्या दृष्टीने तो निवडलेला आहे. हा रोग पांढरी माशी पसरवते, आणि तिचा जोर उन्हाबरोबर वाढतो. कारल्या-दोडक्यांच्या वेलांवर सुरुवातीला नुसतीच नर फुले येतात आणि गळून जातात. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही, मागे इवले फळ असलेली मादी फुले थोड्या दिवसांनी येतातच. फळे वाकडी होऊन आतून अळ्या निघू लागल्या तर ती फळमाशी समजावी. वेलवर्गीय भाज्यांना क्यू-ल्युअरचा, म्हणजे या फळमाशीच्या नरांना ओढून घेणाऱ्या आमिषाचा, सापळा लागतो. आंब्या-पेरूसाठीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा इथे उपयोगाचा नाही, आणि दुकानदार नेमका तोच हातात देतो, म्हणून वेष्टनावरचे नाव वाचून घ्यावे.

कोरडी हवा आली की पिठ्या ढेकूण येतो. जास्वंदीच्या शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले की आधी मुंग्यांची रांग शोधावी. मुंग्या त्याचा गोड स्राव खातात आणि त्या बदल्यात त्याला एका फांदीवरून दुसरीवर पोहोचवतात. रांग तोडली नाही तर फवारणी वाया जाते. पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरला चमचाभर सौम्य साबणाचे द्रावण आणि फार झाले तर शेंडा कापून पिशवीत बांधून टाकणे, एवढे पुरते. निपाणीच्या बाजूला तंबाखूची पाने भिजवून तो अर्क सर्रास फवारला जातो. त्याने कीड मरते हे खरे, पण तो माणसाच्या कातडीतूनही भिनतो, मधमाश्यांनाही मारतो आणि तंबाखूतला विषाणू त्याच घराण्यातल्या टोमॅटो-मिरचीवर जाऊ शकतो. खायच्या भाजीवर तो मारू नये, असे मला स्पष्ट वाटते.

माघ-फाल्गुनात झाडे पाने गाळतात आणि सकाळी गल्लोगल्ली पाल्याचा धूर दिसू लागतो. अख्ख्या वर्षात बागेला सर्वांत जास्त गरज असलेली वस्तू नेमकी गरजेच्या वेळी फुकट पडते आणि आपण ती जाळतो, याचे मला नेहमी नवल वाटते. तांबड्या मातीला तर पाल्याशिवाय पाणी धरण्याचे दुसरे साधनच नाही. भाजीच्या वाफ्यावर आणि फळझाडांच्या आळ्यात चार बोटे जाडीचा थर द्यावा आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर वाळवीला आयते आमंत्रण मिळते. पाला कमी पडला तर चिकोडी-रायबागकडे उसाचे पाचट आहे, येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात मसूर मळून झाल्यावर भुसकट उरते. भाताचे पिंजर (पेंढा) चांगले, पण ते जनावरांच्या तोंडचे असल्याने महाग पडते आणि त्यात राहिलेले दाणे उगवतात. उरलेला पाला खड्ड्यात भरावा. पावसाळ्यात ढीग बरा, उन्हाळ्यात खड्डा बरा, कारण खड्ड्यातली ओल टिकते. पाल्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाल्याचा सडा, वर थोडी माती, असे करत भरून आठवड्याला एकदा भिजवले तर पावसाळ्यापर्यंत खालचा भाग काळा, भुसभुशीत होतो. सागाची आणि आंब्याची पाने उशिरा कुजतात, ती आधी पायाखाली चुरडून घ्यावीत.

आता पाण्याच्या सोयीकडे यायचे तर शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांचे पाणी येते, पण उन्हाळा वाढत गेला की नळ किती दिवसांआड येईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे ज्यांना रोजची ओल हवी अशा भाज्यांसाठी मी मडकी पुरते. खानापूरची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले न रंगवलेले, आतबाहेर कोरे मडके मानेपर्यंत वाफ्यात पुरून, पाण्याने भरून, तोंडावर कौलाचा तुकडा ठेवला की पाणी हळूहळू पाझरत राहते आणि भोवतीच्या हातभर घेरातली मुळे ते ओढून घेतात. मडके रंगवलेले किंवा झिलईचे असेल तर ते पाझरत नाही. दोन दिवसांनी झाकण उचलून पातळी पाहावी; पाणी तसेच असेल तर मडक्याची छिद्रे क्षारांनी बुजली आहेत, ते काढून घासून उन्हात टाकावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी बागेला चालते, पण पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी कुंड्यांना रोज घालू नये. महिनाभरात पानांच्या कडा करपतात.

हिवाळी भाज्यांतल्या मेथी, कोथिंबीर, मुळा आणि पावट्याची दोन-दोन उत्तम झाडे न काढता बियांवर जाऊ द्यावीत, आणि शेंगा किंवा बोंडे तपकिरी होताच त्यांचेही पाणी तोडावे. बी दोन ऊन देऊन, चाळलेल्या राखेत घोळून, कागदी पुडीत बांधून, पुडीवर नाव आणि वर्ष लिहून ठेवावे. हे उरकले की होळीपर्यंत मोठे काम एकच राहते, कोवळ्या रोपांवर पश्चिमेच्या बाजूने सावली धरण्याचे. त्यासाठी 50 टक्क्यांची हिरवी जाळी आणि चार बांबू पुरतात, मात्र जाळी रोपांच्या डोक्याला न टेकता हातभर वर बांधावी, म्हणजे खालून वारा खेळता राहतो.